तेलातुपाचे धडे

घरी साबण करते म्हटलं की नाशिकात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणत्या तेलाचा?" मी तोंड उघडायच्या आत विचारणाराच उत्तरही देऊन टाकतो. बदामतेलाचा करा, ऑलिव्हचा करा, घरच्या साजूक तुपाचा करा. तेल जितकं महाग तितका साबण भारी, असा सरळ हिशेब. रविवार कारंज्यावरच्या किराणा दुकानातली तेलं, घाण्याचं शेंगदाणा तेल, सुरगाण्याकडून आलेलं मोहाचं तेल, कोकणातून आलेला कोकमाचा गोळा आणि दिवाळीनंतर कढईत उरलेलं तळणीचं तेल, एवढं सगळं सोड्यात घालून झाल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. तेलाची किंमत साबणाला कळत नाही, त्याला कळते ती तेलाची घडण. ताटात ज्याला मान देतो ते तेल साबणदाणीत खवट होतं, आणि ज्याच्या वासाने आपण नाक मुरडतो त्याची वडी खडखडीत निघते.

१. आधी काटा, मग पातेलं.

साबण म्हणजे तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा. यातलं काहीही वाटीने किंवा पेल्याने मोजायचं नाही. प्रत्येक तेल आपापल्या मापाने सोडा खातं. एक किलो खोबरेल साधारण १८३ ग्रॅम सोडा खातं, पामतेल १४१, शेंगदाणा १३६ आणि एरंडेल १२८. म्हणजे खोबरेल संपलं म्हणून त्या जागी तेवढंच शेंगदाणा तेल ओतलं, तर किलोमागे ४७ ग्रॅम सोडा मोकळा राहतो. तो साबण अंग जाळतो. उलटी अदलाबदल केली तर बरंच तेल सोड्याविना उरतं आणि वडी तेलकट होते. स्वयंपाकघरात आपलं अंदाजपंचे खपून जातं, इथे खपत नाही.

आणखी एक खोच तेलाच्या पिशवीत असते. एक लिटरची पिशवी म्हणजे एक किलो तेल नव्हे. तेल पाण्याहून हलकं, त्यामुळे लिटरभर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं. पिशवीवर बारीक अक्षरात ते छापलेलंही असतं, पण वाचतो कोण?

माझं रोजचं मिश्रण असं आहे : खोबरेल ३०० ग्रॅम, पामोलिन ४००, शेंगदाणा २५०, एरंडेल ५०. यांना लागणारा सोडा अनुक्रमे ५४.९, ५६.४, ३४ आणि ६.४ ग्रॅम, बेरीज १५१.७. यातून पाच टक्के कमी करायचे, म्हणजे थोडं तेल सोड्याविना शिल्लक राहतं आणि अंगाला कोरड पडत नाही. उरले १४४ ग्रॅम. पाणी सोड्याच्या दुप्पट, २८८ ग्रॅम. सोड्याचे हे आकडे सरासरीचे असतात, तेल पिकाप्रमाणे थोडं इकडे तिकडे होतं. ती पाच टक्क्यांची सूट अशा वेळीही कामी येते. एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा नसेल तर आधी तो घ्या, साबणाचं नंतर बघू.

२. जर्मनचं पातेलं माळ्यावरच राहू द्या.

ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. पातेलं काळं पडतं, पाणी फसफसतं. कल्हईच्या भांड्याचंही तेच, कथिलसुद्धा सोड्यात विरघळतं. स्टीलचं भांडं किंवा जाड प्लास्टिकचा डबा घ्यावा. पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. सोडा पडला की पाणी चुलीवाचून ८० अंशांच्या पुढे तापतं आणि घशाला झोंबणारी वाफ निघते, म्हणून हे काम गच्चीत किंवा खिडकीशी करावं. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे, पायांत चपला. अंगावर उडालं तर भरपूर वाहतं पाणी, बराच वेळ. व्हिनेगर, लिंबू असले घरगुती इलाज तिथे चोळायचे नाहीत. पोरंबाळं आणि मांजर घराबाहेर.

३. खोबरेलाशिवाय फेस नाही, पण खोबरेलच खोबरेल नको.

खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं. भरघोस फेस, वडीचा कडकपणा आणि मळ ओढून काढण्याची ताकद ही सगळी त्याचीच. पण ते मळाबरोबर अंगावरचं तेलही ओढून नेतं. नुसत्या खोबरेलाच्या साबणाने डिसेंबरात अंघोळ केली की नडग्यांवर पांढऱ्या रेघा उमटतात. निफाडकडचा पारा तेव्हा एक आकडी झालेला असतो, हवा कोरडी, त्यात हा साबण. म्हणून तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त खोबरेल मी घालत नाही.

ज्यांना फक्त खोबरेलाचाच करायचा आहे त्यांनी सोडा पाचऐवजी वीस टक्के कमी करावा, किलोला १४६ ग्रॅम. तो साबण बोअरच्या जड पाण्यातही फेसतो. खाऱ्या पाण्यातसुद्धा फेसतो, म्हणून पूर्वी खलाशांसाठी खोबरेलाचाच साबण करत.

खोबरेल विकत घेताना पाठीमागची चिठ्ठी वाचा. केसांचं तेल म्हणून मिळणाऱ्या कितीतरी बाटल्यांत मिनरल ऑइल असतं, म्हणजे खनिज तेल. त्याचा साबण होत नाही. सोड्याशी त्याचं काही घेणंदेणंच नसतं, ते नुसतं वडीत अडकून बसतं आणि तुमचा हिशेब चुकतो. शुद्ध खोबरेलाची छोटी बाटली खाद्यतेल की केशतेल, हा वाद करापायी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने खाद्यतेलाच्या बाजूने कौल दिला. साबण करणाऱ्याला या वादातून एवढंच घेण्यासारखं की 'खाद्य' लिहिलेलं खोबरेल घ्यावं. पुढे २०२५ मध्ये त्याचे भाव असे चढले की साबणात घालताना हात आखडायला लागला. तेव्हापासून माझ्या मिश्रणात पामोलिनचा वाटा वाढला तो वाढलाच.

४. पामोलिनला नावं ठेवू नका.

एकेकाळी रेशनवर मिळायचं म्हणून पामोलिन गरिबाचं तेल ठरलं. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत जो आनंदाचा शिधा दिला, त्यात रवा, साखर, चणाडाळीबरोबर हेच तेल होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या काकूंनी ती पिशवी माझ्या हातात ठेवली, म्हणाल्या, "आमच्यात कोणी खात नाही, तुम्हीच उडवा." त्याची वडी एकसारखी, फिकट पिवळी आणि न भेगाळलेली निघाली. काकूंनी चार वड्या नेल्या आणि जावेलाही दिल्या.

५. खायला उत्तम तेल साबणाला उत्तम असेलच असं नाही.

इथे लोकांचा सगळ्यात जास्त हिरमोड होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. करडई, सूर्यफूल, जवस आणि आपल्या पेठ-सुरगाण्याच्या डोंगराळ पट्ट्यातली खुरासणी ही सगळी खायला नामी तेलं. खुरासणीची चटणी तर मला जीव की प्राण. पण या तेलांत लिनोलिक आम्लाचा भरणा असतो. करडईत ते तीन चतुर्थांशाच्या घरात जातं, खुरासणीतही भरपूर. जवसात तर त्याहून चंचल असं लिनोलेनिक आम्ल असतं. ही आम्लं हवेतला ऑक्सिजन पटकन ओढून घेतात. जवसाचं तेल रंगकामात वापरतात ते याचसाठी, हवा लागली की ते सुकून पापुद्रा धरतं. साबणात मात्र हाच गुण वडीला खवट करतो.

ते दिसतं कसं? वडी कापली तेव्हा पांढरीशुभ्र, महिनाभर दृष्ट लागण्यासारखी. मग एका कडेला मोहरीएवढा नारिंगी ठिपका उमटतो. नखाने खरवडला तर निघतो, पण आत आणखी असतात. आठवडाभरात ठिपके वाढतात, बोटाला चिकट लागतात आणि जुन्या शेवेच्या डब्यासारखा वास सुटतो. एप्रिल-मे मध्ये, नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा, हे फार झपाट्याने होतं. कपाटात एकाच ओळीत ठेवलेल्या वड्यांपैकी सूर्यफुलाच्या आधी पडतात, शेंगदाण्याच्या मागून, आणि खोबरेलाच्या वर्षभर तशाच्या तशा राहतात.

द्राक्षाच्या बियांच्या तेलाचंही हेच. नाशिक म्हणजे द्राक्षं, तेव्हा इथला साबण द्राक्षाच्या बियांच्या तेलाचा असावा, असा मोह होणारच. त्यात लिनोलिक आम्ल ७० टक्क्यांच्या आसपास असतं. घालायचंच तर शंभरात पाच घाला, आणि 'नाशिकचा खास' अशी चिठ्ठी लावून चटकन वापरून टाका.

शेंगदाणा तेल या सगळ्यांत समजूतदार. त्यात ऑलिक आम्ल जास्त, लिनोलिक कमी, त्यामुळे वडी मऊ पण टिकाऊ होते, फेस थोडा पण साईसारखा. घाण्याचं वापरलंत तर रंग आणि वास दोन्ही उतरतात. रिफाइंड वापरलंत तर पैसे वाचतात, आणि साबणाला फरक कळत नाही. घाण्याचं तेल पोळीभाजीसाठी ठेवा.

६. मोहाच्या तेलाला नाशिककरांनी अजून न्याय दिलेला नाही.

गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात हिवाळ्यात एक मावशी बसतात. त्यांच्यासमोर नागली, उडीद, थोडी खुरासणी आणि एका बाजूला कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत हिरवट पिवळं काहीतरी गोठलेलं असतं. ते मोहाच्या बियांचं तेल. फुलं चैत्रात वेचून झाली की पावसाच्या तोंडावर फळं पिकतात, त्यांच्या बिया फोडून, वाळवून हे तेल काढतात. थंडीत ते बाटलीतून बाहेर येत नाही. मावशींनी बाटली उन्हात आडवी ठेवली, मधूनमधून तळहातांत घोळवली, तेव्हा कुठे बुचाशी धार धरली. धुरकट, किंचित कडवट वास. साबणाला हवंय म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ताई, भाकरीला लाव, पायाच्या भेगांना लाव. साबणात घालून वाया कशाला घालवतेस?"

वाया जात नाही, हे मी त्यांना पुढच्या हिवाळ्यात वडी नेऊन दाखवलं. मोहाच्या तेलात ऑलिक आम्ल चाळीस टक्क्यांच्या पुढेमागे, आणि त्याच्या जोडीला स्टिअरिक व पामिटिक ही वडी घट्ट करणारी आम्लंही भरपूर. म्हणजे अंगाला सौम्य आणि हाताला टणक, दोन्ही गुण एकाच तेलात. विलायती पुस्तकं ज्यासाठी शिया बटर आणि पाम यांची जोडी जमवायला सांगतात, ते आपल्या डोंगरात झाडाखाली पडलेलं असतं. एक किलोला सोडा साधारण १३७ ग्रॅम. शंभरात तीस भाग मोह, तीस खोबरेल, पस्तीस शेंगदाणा आणि पाच एरंडेल हे माझ्या मते नाशिकच्या हवेतलं सगळ्यात सरस मिश्रण आहे.

मात्र एक सावधगिरी ठेवायला हवी. बिया ओलसर साठवल्या असतील किंवा तेल जुनं असेल तर त्यात सुटी मेदाम्लं वाढलेली असतात. ती सोडा दिसताक्षणी त्याला धरतात, आणि ढवळता ढवळता पातेल्यातच गोळा होतो. म्हणून मोहाचं तेल घातलं असेल तेव्हा साचा आधीच कागद लावून तयार ठेवायचा, विजेची रवी सारखी चालवायची नाही, चमच्याने ढवळायचं.

या अखाद्य किंवा कमी खाल्ल्या जाणाऱ्या तेलांचा विचार आपल्याकडे जुना आहे. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, तिथल्या मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी तेलाच्या घाण्यावर मन लावून काम केलं. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने तर अखाद्य तेल आणि साबण हा एक स्वतंत्र उद्योगच मानला : कडुलिंब, करंज आणि मोह यांच्या बिया गावात गोळा करायच्या आणि खाण्याच्या तेलाला हात न लावता साबण करायचा. ती दृष्टी आज विस्मरणात गेली, याची मला खंत वाटते. आदिवासी विकास महामंडळाचं मुख्यालय नाशिकात, मोहाची झाडं नाशिक जिल्ह्यात, आणि आम्ही साबणासाठी शिया बटर आफ्रिकेतून मागवतो.

७. एरंडेल शंभरात पाच, फार तर आठ.

त्यातलं रिसिनोलिक आम्ल फेस धरून ठेवतं. जास्त घातलं तर वडी चिकट. बस.

८. तूप देवापुढे, कोकम भेगांना.

साजूक तुपाचा साबण होतो का? होतो. करावा का? माझं उत्तर नाही असंच आहे. दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्ल असतं, आणि खवट लोण्याला जो आंबूस, मळमळणारा दर्प येतो तो त्याचाच. साबणात तो दबून राहतो आणि ओल्या हाताला लागला की डोकं वर काढतो. गुलाबाचं अत्तर घाला, वाळा घाला, तो जात नाही. ज्यांना तूप त्वचेला लावायचंच आहे त्यांच्यासाठी शतधौत घृत आहे, साबण कशाला?

कोकमाच्या बियांचं तेल म्हणजे कोकणातल्या बाजारात मिळणारे ते पांढरट पिवळे गोळे. त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असल्याने ते चाळिशीच्या आसपास वितळतं, आणि वडी दगडासारखी करतं. शंभरात दहा पुरे. पुढे गेलात तर कापताना कडा तुटतात आणि फेस रुसतो. माझा सल्ला विचाराल तर तो गोळा टाचांसाठी राखून ठेवा.

९. चरबीचा प्रश्न रसायनाचा नाही, मनाचा आहे.

रसायनाच्या बाजूने पाहिलं तर जनावराची चरबी हे साबणाचं अव्वल द्रव्य. स्वस्त, टणक वडी, सौम्य फेस. जगभर शतकानुशतकं तिचाच साबण झाला. आपल्याकडे ते चालणार नाही हे अर्देशीर गोदरेज यांनी ओळखलं आणि १९१८ मध्ये वनस्पती तेलाचा चावी छाप साबण बाजारात आणला. स्वदेशीच्या त्या दिवसांत प्राण्यांच्या चरबीशिवाय साबण ही मोठीच गोष्ट होती. हे अर्देशीर पुढे कारखाना भाऊ पिरोजशांवर सोपवून शेती करायला आपल्या नाशिकलाच आले, हे फार जणांना माहीत नसतं. कुलपं आणि साबण जमले तसे मळे काही त्यांना जमले नाहीत.

१९८३ मध्ये वनस्पती तुपात आयात केलेली गाईची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर पेटलं, संसदेत गाजलं, आणि चरबीच्या आयातीवर बंदी आली. घरोघर तेव्हा डालड्याचे डबे संशयाने पाहिले गेले. साबण करणाऱ्या मोठ्या कारखान्यांनाही पामतेलाकडे वळणं भाग पडलं. आज परदेशी साबणाच्या वेष्टनावर 'सोडियम टॅलोएट' असं दिसलं तर ती चरबी समजावी, 'पामेट' किंवा 'कोकोएट' म्हणजे पाम किंवा नारळ. मी स्वतः चरबी वापरत नाही, माझ्या वड्या शेजारीपाजारी जातात आणि कोणाच्या देवघराजवळ ठेवल्या जातील सांगता येत नाही. ज्यांना चालते त्यांनी मात्र तोंड वाकडं न करता वापरावी. मांसासाठी कापलेल्या जनावराची चरबी उकिरड्यावर जाण्यापेक्षा ते बरं.

१०. हळद, दूध, वाइन : हौसेला मोल नाही, पण रसायनाला हौस कळत नाही.

हळद सोड्यात पडली की लालभडक होते. यात नवल नाही, आपलं कुंकू हळदीला चुना लावूनच होत आलं आहे. साबण वाळता वाळता तो रंग उतरतो आणि मातकट पिवळा उरतो. दूध तापल्या सोड्यात करपून नारिंगी होतं, म्हणून ते बर्फ करून घालावं लागतं. मध आणि गूळ साखरेमुळे साच्यात अशी उष्णता निर्माण करतात की साबण फुगून बाहेर येतो. संत्र्याची साल काही आठवड्यांत तपकिरी पडते.

वाइनच्या साबणाची टूम आता नाशिकात निघाली आहे. कच्ची वाइन सोड्यात ओतली तर मद्यार्कामुळे ती उसळते, आणि कोपरापर्यंत भाजायची सोय होते. आधी चांगली उकळून मद्यार्क उडवायचा, मग फ्रिजमध्ये गार करायची, मगच सोडा, तोही चिमटी चिमटीने. एवढं करून द्राक्षाचा जांभळा रंग अल्कलीत टिकत नाही, वडी उतरते ती फिकट तपकिरी. दुकानात जांभळी वाइन-वडी दिसली तर तो रंग बाटलीतला.

११. साचा भरायची वेळ डोळ्यांना कळते.

तेल आणि सोड्याचं पाणी दोन्ही चाळीस-पंचेचाळीस अंशांवर आणून एकत्र करायची आणि ढवळायचं. चमचा उचलून धार सोडली की ती वर क्षणभर उमटून राहते आणि मग आत बुडते, तेव्हा साच्यात ओतायचं. त्याआधी ओतलंत तर तेल वर तरंगेल. नंतर ओतलंत तर आत पोकळ्या राहतील. हे वाचून येत नाही.

१२. पाणी कोणतं, हेही तेलाइतकंच महत्त्वाचं.

गंगापूर धरणाचं नळाचं पाणी साबणाला मानवतं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, ते साबणाशी मिळून न विरघळणारा पांढरट चोथा करतं. बादलीच्या कडेला जो राखाडी गोल बसतो तो हाच, साबण वाईट आहे म्हणून नव्हे. नव्या वसाहतींत टँकर आणि बोअरवर राहणाऱ्यांची हीच तक्रार असते. त्यावर एक उपाय आहे. किलोभर तेलामागे दहा ग्रॅम सायट्रिक ॲसिड आधी पाण्यात विरघळवायचं आणि त्यासाठी सव्वासहा ग्रॅम सोडा जादा घ्यायचा. चोथा बराच कमी होतो. सोड्याचं पाणी मात्र नेहमी फिल्टरचं किंवा डिस्टिल्ड घ्या.

१३. पावसाळ्यात साबणाला घाम येतो, येऊ द्या.

साबण होताना तेलाच्या वजनाच्या एक दशांशाच्या आसपास ग्लिसरीन तयार होतं. मोठे कारखाने मिठाचं पाणी घालून ते वेगळं काढतात आणि निराळं विकतात. घरच्या वडीत ते राहतं. आषाढात हवेतलं बाष्प ओढून ते वडीवर थेंब धरतं. लोक घाबरून वडी फेकतात. पुसा आणि जाळीवर ठेवा.

वाळवणीला चार ते सहा आठवडे लागतात, पावसाळ्यात जास्त. कॅलेंडर बघत बसण्यापेक्षा एक वडी दर आठवड्याला काट्यावर ठेवावी. वजन घटायचं थांबलं की वडी तयार.

१४. विकायचा असेल तर आधी परवाना.

बचत गटातल्या बायका हे विचारतात म्हणून लिहिते. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० खाली अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो, तो सीओएस-८ या नमुन्यात मिळतो. प्रदर्शनात टेबल लावलं, ऑनलाइन विकलं तरीही. आणि 'इसब बरा करतो', 'गजकर्ण घालवतो' असलं काही चिठ्ठीवर लिहू नका. तो औषधाचा दावा झाला, त्याचे नियम निराळे. त्वचेचा ५.५ पीएच राखणारा घरगुती साबण, हाही दावा करू नका. सोड्याचा खरा साबण नऊ-दहाच्याच घरात असतो. साडेपाचची वडी म्हणजे साबण नव्हे, ती कृत्रिम डिटर्जंटची.

१५. तळणीचं तेल मोरीत ओतू नका.

चकल्या, शंकरपाळे, चिवडा झाल्यावर कढईत जे उरतं ते पुन:पुन्हा तापवून खाणं धोक्याचं. तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांपुढे गेले की ते वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. मोरीत ओतलं तर ते ड्रेनेजमध्ये जाऊन थिजतं. याचा कपड्यांचा आणि भांड्यांचा साबण फार चांगला होतो.

तेल पूर्ण गार झाल्यावर (तापल्या तेलात पाण्याचा थेंबही नको) त्यात तेवढंच पाणी आणि चमचाभर मीठ घाला, मंद आचेवर ढवळत गरम करा आणि रात्रभर ठेवा. जळका गाळ पाण्याबरोबर खाली बसतो, वरचं तेल अलगद काढून कापडातून गाळा. असं ७०० ग्रॅम तेल, ३०० ग्रॅम खोबरेल, १४५ ग्रॅम सोडा, ३०० ग्रॅम पाणी. वडी तपकिरी होते आणि पहिले काही दिवस तिला चकलीचा वास येतो, तो वाळल्यावर जातो. शर्टाची कॉलर, पायपुसणी, तव्याचं बूड यांवर ती बाजारच्या निळ्या वडीला हार जात नाही. अंगाला मात्र लावू नका.

यंदा फराळ आटोपला की रिकामी बाटली आणि गाळणं कढईशेजारीच ठेवा. स्वतः साबण करायचा नसेल तर बाटली भरून करणाऱ्या ओळखीच्या माणसाला द्या. नाशिकात आता तसं कोणीतरी प्रत्येक गल्लीत सापडतं.